किरणं कुठवर आली

मंजूर वजन नव्वद ग्रॅम.
गुजरीत, ओसवालांच्या काट्यावर,
जिथं पंखा बंद करून माणसं श्वास धरतात,
मी माझी पेटी ठेवली.
शेजारी कुणाची तरी मोडीत आलेली ठुशी.
काटा थरथरला, थांबला:
एकशे एक पूर्णांक चार.
"घडणावळ धरून?" त्यांनी विचारलं
आणि स्वतःच हसले.

उद्यमनगरात मुजावर मिस्त्रींनी
पेटी शिकंज्यात धरली, चष्मा कपाळावर.
"वर गेल्यावर वजन शून्यच की गं.
मग किसून कशाला घेतीस?"
वर नसतं मामा, वर न्यायला असतं.
त्यांनी मान हलवली,
म्हणजे पटलं असं नाही.
कटरखालून ॲल्युमिनियम पडत राहिलं
ओल्या खोबऱ्याच्या किसासारखं.
दीडाची भिंत एकावर आली,
एकाची पॉइंट आठवर.
"आता फुंकर मारली तर वाकंल," म्हणाले,
आणि खरंच फुंकर मारून बघितली.

पण भिंत बदलली की सगळं पहिल्यापासून.
रात्री माडीवर मी खोटा सूर्य पेटवते:
एक कोटी प्रोटॉन,
प्रत्येकाची दिशा फाशावर, वेग फाशावर,
कुठल्या अणूशी गाठ पडणार, तेही फाशावर.
बहुतेक पेटीला शिवतसुद्धा नाहीत.
काही सिलिकॉनचे दोन्ही पापुद्रे ओलांडून जातात,
जाता जाता थोडंसं सांडून,
सायकलवरच्या किटलीतून दूध सांडावं तसं.
आणि जे आतच थांबणार असतात
ते थांबण्याआधीच्या केसभर अंतरात
उरलंसुरलं सगळं देऊन टाकतात.
हे मी आलेखात शंभरदा पाहिलंय.
दर वेळी पडद्याजवळ सरकून बसते.

खरा घोळ उंबऱ्याचा.
किती ऊर्जेच्या वरचं 'आलं' म्हणून मोजायचं?
उंबरा बुटका ठेवला
तर तारांची नुसती कुजबुज आत शिरते.
उंच केला
तर अंधुक खुणा ठेवून जाणारे बाहेरच राहतात,
आणि यानाला कळतच नाही
कोण येऊन गेलं.

बासष्ट लाखांवर लाईट गेली.
मधेमधे जपून ठेवायला मी विसरले होते.

आई देवळातून आली ती त्याच अंधारात,
महाद्वार रोडची गर्दी पदराला चिकटलेली.
"आज कमरेपर्यंत आली. मग मेला ढग आडवा."
चप्पल काढता काढता:
"तुझी किरणं कुठवर आली?"
किरणोत्सर्ग हा शब्द तिच्या तोंडात बसत नाही,
माझ्या कामालाही ती किरणोत्सवच म्हणते.
दुरुस्त करणं मी सोडून दिलंय.
दुसऱ्या पापुद्र्यापर्यंत, मी म्हटलं. मग लाईट गेली.
"म्हणजे पितळी उंबरा ओलांडला म्हणायचा,"
ती म्हणाली, आणि मेणबत्ती शोधायला लागली.
उद्या परत आहेच की, असंही म्हणाली,
कुणाच्या किरणांबद्दल ते कळलं नाही.

एकोणनव्वद पूर्णांक सात.
स्क्रू धरून. वायरी अजून धरलेल्या नाहीत,
त्याचं नंतर बघू.

काल पेटी घेऊन पुन्हा उद्यमनगरात गेले,
एक लहानसा स्पीकर जोडून.
लेथ बंद, जेवणाची सुट्टी,
डब्यातल्या तांबड्या रश्श्याचा वास.
टिक. बराच वेळ काही नाही. टिक टिक.
"आत काय किडा शिरला?"
म्युऑन, मामा. वरच्या हवेत जन्मतात,
पत्र्यातून येतात, तुमच्या-माझ्यातून,
आणि खाली जमिनीत निघून जातात.
मिस्त्रींनी वरच्या पत्र्याकडे पाहिलं.
मग हात पुसला
आणि पेटीवर पालथा ठेवला, घट्ट,
चाळीस वर्षं लोखंड धरलेला हात.

टिक.

"ऐकंना की गं हे," म्हणाले,
आणि हात काढला नाही.